कायमचं करायचं का?

अख्ख्या वडवणीत लिनक्सवर कॉम्प्युटर चालवणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! सन दोन हजार एकमध्ये लिनक्स हे खायचं असतं का ल्यायचं, हेच बाकीच्यांना माहीत नव्हतं. त्यामुळे माझा पहिला नंबर कोण हिसकावणार?

अप्पांच्या सरकी-पेंडीच्या दुकानात पुढचा कोपरा भांडून घेऊन मी कॉम्प्युटर क्लास मांडला होता. पण पोरगं एक फिरकेना! शेवटी अप्पांनी फर्मान काढलं, "केदार, महालक्ष्म्या जेवल्या की तुझं डबडं पोत्यात अन् कोपऱ्यात पेंड!"

मी म्हटलं, चूक मशीनची नाही, तोंडवळ्याची आहे! लिनक्सचं एक बरं असतं. मशीन तेच ठेवून पडद्यावरची सगळी मांडणी बदलता येते. झकास नवी मांडणी लावतो, मग बघा रांग!

महालक्ष्म्यांचाच दिवस, त्यात आठवडी बाजार. रेडिओ दुरुस्त करणारा माझा दोस्त फिरोज शेजारी बसला होता. मी नवी मांडणी निवडली. मशीननं इंग्रजीत विचारलं, ही आजच्यापुरती का कायमची? तेवढ्यात आतून अप्पांची हाक आली, "केदार, केळीची पानं कुठं ठिवलीस रे?" मी "माळ्यावर!" म्हणून ओरडलो आणि ओरडता ओरडता काहीतरी दाबलं.

पडद्यावर मधोमध एक मोठ्ठं पाऊल उमटलं! मग ते लहान होऊन खालच्या कोपऱ्यात जाऊन बसलं.

आमचं घर दुकानाच्या मागे. त्यामुळे आई दुकानाच्या उंबऱ्यापासून कुंकवाची पावलं काढत, वाकून आत येत होती. नेमकी कॉम्प्युटरपाशी आली आणि मान वर केली.

"अगं बाई! लक्ष्मी पेटीत शिरली!"

"आई, ते चिन्ह हाय. ज्यांनी हे बनवलं, त्यांचं..."

"लक्ष्मीनंच बनवलं ना समदं? हात जोड!"

फिरोज कानात कुजबुजला, "बोटं चारच हायत बे!"

"मोजू नको!" मी दात-ओठ खाल्ले.

हां हां म्हणता बाजार दुकानात लोटला. हळद, कुंकू, फुलं! काचेवर कुंकू लागलं, माऊसला गजरा बसला. सरकीच्या पोत्यांवर चढून माणसं माना उंचावत होती. अप्पा आले. या मशीनला जन्मात डबड्याखेरीज दुसरं नाव न दिलेल्या माणसानं चपला काढल्या आणि डोळे मिटले. खरं सांगतो, सगळं माहीत असून माझ्याही अंगावर काटा आला!

आणि लाइट गेली.

"गेली! लक्ष्मी गेली!" आई रडायलाच लागली. अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला समोर रिकामं पोतं दिसलं.

फिरोज म्हणाला, "अबे, कायमचं केलतं का न्हाई?"

"मला काय माहीत! मी केळीची पानं सांगत होतो!"

आजच्यापुरतं दाबलं असेल तर जुनाच पडदा येणार. मग क्लास गेला, कोपरा गेला आणि वर देवी घालवली म्हणून गावभर नाव!

लाइट आली. मशीन दचकून बंद पडलं होतं, म्हणून काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सोडत स्वतःला तपासू लागलं. गर्दीतून कुणीतरी दटावलं, "बोलू नका, पोथी चाललीया!" सगळे खाली बसले. मी पासवर्ड टाकला. दोनदा चुकला! तिसऱ्यांदा...

पाऊल!

आधी मधोमध, मग कोपऱ्यात. बायांनी कडाकडा बोटं मोडली. अप्पांनी हात जोडले. "केदार, मशीन हितंच राहील. कायमचं! पेंड मागं टाकू."

जिंकलो! मी म्हणालो, "मग उद्यापासून क्लास!"

"क्लास?" अप्पांनी डोळे वटारले. "अन् उष्ट्या-खरकट्या हातानं लक्ष्मीला बडवणार व्हय रे? पोरांना शिकवायचं तर फळ्यावर शिकव!"

आता मी क्लास मागच्या खोलीत, पेंडीच्या पोत्यांमध्ये घेतो. फळ्यावर खडूनं कीबोर्ड काढलाय. कॉम्प्युटरला मात्र माझाही हात लागतो, नाही असं नाही! लाइट जाऊन आली की पासवर्ड टाकायला मलाच बोलावतात. फक्त आधी आंघोळ करावी लागते.