भट्टीच्या लाल फितीपायी दिनकररावांची शेवटली शीर गेली, त्याची हकिकत

श्री. देहीचे रक्त जो वाहते ठेवितो त्यास दंडवत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, श्रावणापासून एका राज्यात जे अरिष्ट वर्तले ते लिहितो. खोटे लिहिल्यास हात झडो. राज्य म्हणजे मोठी प्रयोगशाळा. मुख्य कारभारी रावसाहेब, आणि प्लाझ्माची भट्टी कुमुदबाई पोंक्षे यांचे हवाली. बाईंचे धाकटे बंधू दिनकरराव, त्यांची मूत्रपिंडे निकामी जाहली. रक्त यंत्रात धुण्यास मानेच्या शिरेत प्लास्टिकची नळी घालीत, आणि रक्तातली प्रथिने नळीस चिकटत, मग त्यांवर गुठळी धरे, मग नळी बंद आणि शीरही बाद. ऐसे होता होता एकच शीर उरली, तीतली साधी नळी कशीबशी चालत होती. वैद्य बोलिले, "बाई, ही गेली की आम्ही हात टेकले."

मग बाईंनी कंबर कसली. भट्टीतली हवा उपसिली, आत थोडा वायू सोडून विजेने जांभळे तेज, ज्यास प्लाझ्मा म्हणतात ते, उत्पन्न केले, आणि त्या तेजात नळीची कांती ऐसी पालटली की पाणी तीस बिलगे आणि प्रथिनास ठाव मिळेना. रक्तात बुडवून पाहिली, स्वच्छ निघाली. बाई हर्षे रडल्या. रावसाहेब बोलिले, "शाबास! आता मंत्र्यांचे हस्ते उद्घाटन, आणि पहिली नळी दिनकररावांस." मग भट्टीचे दारास लाल फीत बांधिली, नळ्या हार घालून कपाटात मांडिल्या, आणि फीत कापेतो भट्टीस कोणी शिवू नये ऐसा हुकूम सुटला. मग पितृपक्ष लागला, मुहूर्त पुढे गेला. मग मंत्री दौऱ्यावर, मुहूर्त आणखी पुढे. अरे, काय म्हणावे या लोकांस!

बाई काकुळतीस येऊन बोलिल्या, "रावसाहेब, नळीचे तेज टिकत नाही. ठेवली की वरचे कण आत वळतात, मग ती साधी नळीच. मला ताजी करू द्या." रावसाहेब हसले, "तेज शिळे व्हायला ते काय पिठले आहे? आणि फीत तुटलेली दिसली तर माझी काय शोभा राहील?" बाई कात्री घेऊन दारापाशी गेल्या, फितीस हात लाविला, आणि नोकरीचे भय धरून माघारी फिरल्या.

दिवाळी उलटल्यावर मंत्री आले, फीत कापिली, टाळ्या जाहल्या. बाई म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत थांबा, ताजी नळी देते." मंत्र्यांस पुढला कार्यक्रम होता. मग दिनकररावांस शाल-श्रीफळ दिले, आणि जुनी नळी काढून कपाटातली हारवाली त्यांचे शिरेत घातली, आणि छायाचित्रे काढिली. थोडक्याच दिवसांत गुठळी धरली, नळी बंद जाहली, शीर गेली.

दिनकरराव सुजले, धाप लागली. बाई उशाशी बसून सर्व बोलिल्या, कात्रीचेही. दिनकरराव बाईंकडे वळले. मग म्हणाले, "ताई, कापायची होतीस गं." मार्गशीर्षात ते वारले.

सारांश, विद्या साधली आणि माणूस गेला. मंत्र्यांची तसबीर दालनात लागली आहे. तीत दिनकरराव शाल पांघरून हसताहेत. कुमुदबाई त्या दालनातून जात नाहीत. इतके घडले, ते लिहिले.