अप्पांचा जड गठ्ठा

आमच्या शेजारचे नागनाथअप्पा पत्त्यांशी भाव करतात.

"आठ लिवलंय व्हय? साडेसातला द्या की," असं ते माझ्या मुलीला, सईला, अगदी गंभीरपणे म्हणतात. समोर टेबलावर गोदामाचं पान असतं आणि त्याच्या कोपऱ्यात आठचा आकडा छापलेला असतो. "अप्पा, छापील किंमत आहे," सई सांगते. अप्पा पान उचलतात, उजेडाकडे धरतात, उलटं करून मागची बाजू बघतात आणि परत ठेवतात. "माल बरा हाय. पर घाई न्हाई." पुढच्या पाळीला तेच पान ते मुकाट्याने आठला घेतात. सगळा जन्म भुसार मालाच्या दुकानात गेलेला माणूस, छापील किंमत त्यांना अपमानासारखी वाटते.

हा खेळ सईने पुण्याहून आणला. ती एका कंपनीचं काम आता सोलापुरातूनच, घरी बसून करते आणि रविवारी दुपारी तिला माणसं लागतात. मग अप्पा, त्यांच्या पत्नी गौराक्का, सई आणि मी असे चौघं आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसतो. खेळ सोपा आहे. प्रत्येकजण व्यापारी. सुरुवातीला प्रत्येकाला सारखाच छोटा गठ्ठा मिळतो, थोडी फुटकळ नाणी आणि तीन कारकून. आपल्या गठ्ठ्यातून पाच पानं हातात घ्यायची, त्यांतल्या नाण्यांवर मधल्या बाजारातून दुकान, गोदाम, जहाज असली भारी पानं विकत घ्यायची आणि सगळं पुन्हा आपल्याच गठ्ठ्यात पिसायचं. शेवटी ज्याची मालमत्ता मोठी तो जिंकला. यातली मेख एवढीच की कारकून काही कामाचा नसतो. तो हातात आला की एक जागा फुकट जाते. म्हणून शहाणा खेळाडू लवकरात लवकर 'नवा मॅनेजर' नावाचं पान घेतो. मॅनेजर हातात आला की एकेक कारकून गठ्ठ्यातून कायमचा काढता येतो. गठ्ठा हलका होतो, चांगली पानं भराभर हाती लागतात.

अप्पा कारकून काढत नाहीत. आजवर एकदाही काढला नाही.

"अप्पा, मॅनेजर घ्या ना," सई कळवळून म्हणते.

"त्याला माझ्या दुकानात पाय ठिवू द्यायचा न्हाई."

"मग तुम्ही हरणार."

"असू दे की."

'असू दे की' हे अप्पांचं पालुपद. त्यांच्या घरी मोडक्या छत्र्या आहेत, जुनी कॅलेंडरं आहेत, एक रेडिओ आहे ज्यातून फक्त उदबत्तीचा वास येतो. गौराक्का दर दिवाळीला आवराआवर काढतात आणि दर दिवाळीला अप्पा दारात उभे राहून गेलेली वस्तू परत आत घेतात. नळाची गळकी तोटी बदलली तेव्हा जुनी तोटी त्यांनी प्लंबरकडून मागून घेतली. "काडायचं सोपं असतंय," ते म्हणाले. प्लंबरला वाटलं, आपल्या मजुरीबद्दल बोलताहेत, आणि तो बिचारा रागावून गेला.

मला हरायला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी शाळेत गणित शिकवते आणि पोटच्या मुलीकडून दर रविवारी हरते, त्यामुळे माझा स्वभाव आधीच बिघडलेला असतो. त्यात अप्पा माझ्या शेजारी बसून मी टाकलेल्या कारकुनांकडे हळहळून बघत असतात. "गेला बिचारा," म्हणतात. "पोरंबाळं असतील की वो बाई." पुठ्ठ्याच्या पानाला कुठली पोरंबाळं! पण ते असं म्हणाले की माझा हात जरा अडखळतो हे खरं.

पानांवरची नावं इंग्रजीत होती. सईने मोठ्या माणसांसाठी मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या. कारकुनाच्या पानावर एक वाळका, वाकलेला माणूस आहे, नाकावर चष्मा, पुढ्यात उतरतं मेज. पहिल्या दिवशी अप्पांनी ते पान हातात घेतलं. मग खिशातलं पेन काढलं, सईने लिहिलेलं 'कारकून' खोडलं आणि आपल्या ठसठशीत अक्षरात 'दिवाणजी' लिहिलं. असे त्यांनी सगळेच कारकून बदलले. सई माझ्याकडे बघायला लागली. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं, कारण मला ठाऊक होतं.

आमच्या गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक आहे. अप्पांच्या दुकानात मारुती नावाचे दिवाणजी होते. मोहोळहून रोज एसटीने यायचे, कुलूप उघडायचे, हिशेब लिहायचे, संध्याकाळी कुलूप लावून पुन्हा मोहोळला जायचे. अप्पांचं लग्न झालं तेव्हा दिवाणजी होते, अप्पांचा महेश शाळेत जायला लागला तेव्हाही होते. महेश पुण्यात शिकून आला आणि त्याने दुकानात कॉम्प्युटर बसवला. कॉम्प्युटर आल्यावर दिवाणजींना काम उरलं नाही. महेश म्हणाला, सत्काराचा कार्यक्रम करू. शाल, श्रीफळ, पेढे. अप्पांनी त्यांच्या अंगावर शाल घातली आणि म्हणाले, "मारुती, आता आराम कर." दिवाणजींनी करदोट्याची किल्ली सोडून गादीवर ठेवली, सगळ्यांना नमस्कार केला आणि नेहमीच्या एसटीने गेले. ते पुन्हा दुकानाकडे फिरकले नाहीत. पुढे महेशच बेंगळुरूला निघून गेला. दुकान भाड्याने दिलंय, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. कॉम्प्युटर अप्पांच्या घरी आहे, वर टॉवेल टाकून ठेवलेला. तोही असू दे की.

तेव्हापासून अप्पांच्या मनात एकच गोष्ट आहे. मोहोळला जायचं आणि मारुतीला भेटायचं. महिन्या-दोन महिन्यांनी ते पांढराशुभ्र सदरा घालतात, कपाळाला ताजी विभूती लावतात आणि जिन्यात माझी गाठ पडली की म्हणतात, "मोहोळला जाऊन येतो." तासाभरात परत येतात. हातात द्राक्षं नाहीतर भजी. मोहोळला जाऊन यायला एवढा कमी वेळ पुरत नाही हे मीच काय, माझ्या वर्गातलं पोरगंही सांगेल. गौराक्का भजी ताटलीत काढत म्हणतात, "ष्टँडपर्यंत जाऊन येत्यात. गाडी लागलेली दिसली की ह्यांचं पाय मागं फिरत्यात."

एकदा मी अप्पांना स्पष्टच विचारलं, का जात नाही म्हणून. ते म्हणाले, "गेलो आन् तो रागावला तर बरंच हाय. पर न्हाई रागावला तर काय करू वो?"

शेवटी गौराक्कांनीच फोन केला. अप्पांना न विचारता दिवाणजींना रविवारच्या जेवणाला बोलावलं. आणि दिवाणजी आले. पानावरच्या चित्राइतके वाळके नव्हते, पण चष्मा तसाच. पिशवीत घरच्या रानातल्या ओल्या शेंगा. अप्पा दारातच उभे राहिले. "ये की," एवढंच म्हणाले, आणि मग तेच पुन्हा म्हणाले, "ये की, ये." गौराक्कांनी धपाटे, शेंगाचटणी, दही असं सगळं केलं होतं. मला आणि सईलाही बोलावलं होतं, मध्ये बोलायला कुणीतरी हवं म्हणून. पण बोलणार काय? पाऊसपाणी झालं, गुडघेदुखी झाली, दिवाणजींच्या नातवाची दहावी झाली. अप्पा तोंड उघडायचे आणि "आणिक एक धपाटं घे" म्हणायचे. दिवाणजी "बास मालक, लई झालं" म्हणायचे आणि घ्यायचे. त्यांच्या पोटात किती धपाटे गेले कुणास ठाऊक, अप्पांच्या पोटातलं काही बाहेर आलं नाही.

ही कोंडी बघवेना म्हणून सई आमच्या घरून खेळाचा डबा घेऊन आली.

त्या दिवशी मी खेळले नाही, नुसती बघत बसले. दिवाणजींना नियम लगेच कळले. गठ्ठा हातात घेऊन त्यांनी एकेक पान वाचलं. 'दिवाणजी' या पानाशी थांबले. चष्मा वर करून जवळून बघितलं.

"अक्षर तुमचं हाय," ते म्हणाले.

अप्पा शेंगा सोलायला लागले. सोललेल्या शेंगाच पुन्हा सोलत होते.

खेळ सुरू झाला. आणि दिवाणजींनी पहिल्याच पाळीत हातातली सगळी नाणी पुढे सरकवली आणि 'नवा मॅनेजर' विकत घेतला. पुढे तो हातात आल्यावर त्यांनी एक दिवाणजी काढला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. थोड्या वेळाने दुसरा. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. खराब दाणा बाजूला काढावा तसे काढत होते. तिसराही गेला. त्यांचा गठ्ठा हलका झाला आणि जहाजांमागून जहाजं त्यांच्या हातात यायला लागली. सई खूश झाली. "बघा अप्पा, असं खेळायचं असतं."

"बरोबर हाय पोरीचं," दिवाणजी म्हणाले. पुढचं ते अप्पांना म्हणाले, पण नजर पानांवरच होती. "गठ्ठा जड झाला की चांगली पानं खाली अडकून बसत्यात. कुणी तरी काडायलाच लागतंय मालक. तुमी तवा केलं ते बरोबरच केलं. मी घरी बी सगळ्यास्नी हेच सांगितलं."

अप्पांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, दिवाणजींनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावला नाही तर काय करू, म्हणाले होते. तेच झालं होतं. गौराक्का हळूच म्हणाल्या, "साकु री, पुरे आता, चहा ठिवते," पण उठल्या नाहीत.

अप्पांनी हात लांब केला. टेबलाच्या कडेला टाकलेली ती तीन पानं उचलली आणि आपल्या गठ्ठ्यात घालायला लागले.

"अप्पा, ती बाहेर गेलीत," सई म्हणाली. "परत घेता येत नाहीत."

"असू दे की," अप्पा म्हणाले. "माझ्याकडं जागा हाय."

दिवाणजी आपली पानं लावत होते. लावता लावता, मान वर न करता म्हणाले, "जागा तवाबी होती की, मालक."

अप्पांनी ती पानं गठ्ठ्यात घातली आणि गठ्ठा खाली ठेवला.

"व्हय," ते म्हणाले. "होती." आणि मग, "महेशला न्हाई म्हणायला पायजे होतं मी. मालक मी होतो. शाल बी मीच घातली."

"शाल चांगली होती," दिवाणजी म्हणाले. "मंडळीनं उशी केली तिची." चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. "खेळा. पाळी तुमची हाय."

अप्पा खेळले. जुने आणि नवे सगळे दिवाणजी मिळून त्यांच्या गठ्ठ्यात एवढी गर्दी झाली होती की हातात आलेल्या पाचही पानांवर तोच वाळका माणूस होता. काहीच विकत घेता येईना. त्यांनी पाचही पानं पंख्यासारखी धरून दिवाणजींना दाखवली. दिवाणजी हसले. त्या दिवसात पहिल्यांदा हसले. "दिवाळं काडणार तुमी," म्हणाले. खेळ अर्थात दिवाणजीच जिंकले. अप्पा इतके वाईट हरलेले मी आजवर पाहिले नव्हते, आणि मी त्यांना बऱ्याचदा हरताना पाहिलं आहे.

निघताना गौराक्कांनी शेंगांची पिशवी रिकामी परत द्यायची नाही म्हणून तिच्यात कडक भाकरी, चटणीचा डबा, घरचं तूप असं काय काय भरलं. पिशवी चांगलीच जड झाली. दिवाणजींनी हात पुढे केला, तर ती अप्पांनी आधीच उचलली होती.

"द्या मालक, बरं दिसत न्हाई."

"असू दे की. ष्टँडपर्यंत येतो."

मी आणि सई आमच्या गॅलरीतून बघत होतो. दिवाणजी मधूनमधून पिशवी मागत होते आणि अप्पा देत नव्हते. कोपऱ्यावर अप्पा हात बदलायला थांबले, तर दिवाणजीही थांबले. मग दोघे वळले.

तास झाला. मी भज्यांच्या वासाची वाट बघत होते. दिवे लागले तरी अप्पा आले नाहीत. गौराक्का आमच्याकडे येऊन बसल्या, पदराला हात पुसत, आणि फोन वाजला तेव्हा त्यांनी तो तसाच टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला. त्यांना कानाला कमी ऐकू येतं.

"कुटं हाय तुमी?"

"मोहोळात," अप्पांचा आवाज आला. मागे भांड्यांचा आवाज, कुणीतरी लहान मूल. "मारुतीच्या घरी हाय. चहा घेतला. आता जेव म्हणत्यात." मग नुसतीच भांडी वाजत राहिली. फोन कट झाला की काय म्हणून गौराक्कांनी उचलून बघितला.

"दोन खोल्या हायती, गौरा," अप्पा म्हणाले. "दारात लिंबाचं झाड हाय. तुला सांगतो, तो येवढी वर्षं हितनं रोज आला आन् गेला. मी त्याचं दार आज पयल्यांदा बघितलं."

गौराक्का "बरं, सावकाश या," एवढंच म्हणाल्या. मग सईने त्यांच्याकडून परत आणून टेबलावर टाकलेली पानं त्यांनी गोळा केली, त्यातले दिवाणजी वेगळे काढले, आणि अप्पांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवून डबा बंद केला.