विचार करून कळवतो

"पोराच्या भल्याची गोष्ट हाय. बोलायला झुंबरमामाच पाहिजेत," असं मालनबाईनं सांगून टाकलं आणि सावळीरामनं नेहमीप्रमाणे मान डोलावली.

गोष्ट खरोखरच भल्याची होती. नाशिकबाहेर त्र्यंबक रस्त्याला एक निवासी शाळा होती. मुंबईच्या बड्या घरची मुलं तिथं राहून शिकत आणि रविवारी रांगेनं बूट पुसत. पण मुख्याध्यापक देवस्थळी सरांनी एक चांगला पायंडा पाडला होता. दरवर्षी आसपासच्या खेड्यांतलं एक हुशार मूल शाळा बिनपैशानं घ्यायची. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं शाळेचं. एकोणऐंशी सालच्या लेखी परीक्षेत मखमलाबादच्या मळ्यातला भिकन पहिला आला, आणि आता त्याला आई-वडिलांसह मुलाखतीला बोलावलं होतं. मळ्याजवळची शाळा चौथीलाच संपायची. ही जागा हुकली की भिकनच्या हातात खुरपं येणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सावळीराम मोगरा आणि गुलाब लावायचा. झाडाशी तो तासन्‌तास बोले. खुर्चीवर बसलेल्या माणसासमोर मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. फूलबाजारात व्यापारी भाव पाडून सांगत आणि हा "बरं" म्हणून घरी येई.

याउलट झुंबरमामा. मालनबाईच्या या मामांनी निम्म्या तालुक्याच्या सोयरिकी जमवल्या होत्या. त्यांचं शास्त्र साधं होतं. आपण अडलोय हे समोरच्याला दाखवायचं नाही. नुसत्या गोड बोलण्यावर जायचं नाही, घर आतून बघायचं. आणि होकार कधीही जागेवर द्यायचा नाही, कितीही पटलं तरी "विचार करून कळवतो" म्हणून उठायचं. पोर दुसऱ्याच्या घरात राहायला जाणार म्हटल्यावर लग्न काय आणि शाळा काय, मामांना दोन्हीत फारसा फरक दिसला नाही.

मुलाखतीच्या दिवशी मामा फेटा आणि काळा कोट घालून आले. व्हरांड्यात टायवाले बाप आपापल्या मुलांकडून इंग्रजी कविता घोकून घेत होते. मामांनी त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि नाव पुकारताच आत शिरून सरांसमोरची मधली खुर्ची घेतली.

"आपण मुलाचे वडील का?" देवस्थळी सरांनी विचारलं.

"नाय. बाप हा बाजूला बसलाय. मी बोलणी करणारा."

"मग वडील बोलणार नाहीत?"

"बापानं बोलायची पद्धत नाय."

सरांनी सावळीरामकडे पाहिलं. त्यानं कृतज्ञतेनं मान हलवली.

"बरं. मुलाबद्दल काही सांगा."

"पोरगा निर्व्यसनी हाय."

सरांनी चष्मा वर सरकवला. "तो दहा वर्षांचा आहे ना?"

"व्हय. पण आत्तापासनंच हाय," मामा म्हणाले. "घरात थोरला. मागं एक बहीण. मळ्याला पाणी बारमाही. भाऊबंदकी नाय, कोर्टकचेरी नाय. सोभावानं निस्ती गाय."

गेल्याच आठवड्यात या गाईनं शेजारच्या पोराच्या दंडाला चावा घेतला होता. सावळीराम खऱ्याचा माणूस. त्यानं तोंड उघडलं, पण मालनबाईनं त्याच्या पायावर पाय दिला आणि तोंड मिटलं.

"बाळ, तुला काय आवडतं?" सरांनी भिकनलाच विचारलं.

"त्याला काय इचारता? पोराला काय कळतंय?" मामा म्हणाले. "जे काय असंल ते माझ्याशी बोला. आणि आता आमचं इचारणं."

"तुमचं विचारणं?"

"दोन्हीकडनं नको का व्हायला? पाणी कुठलं तुमच्याकडं? इहिरीचं का नळाचं?"

"विहीर आहे," सर म्हणाले. इतक्या वर्षांत या खोलीत त्यांना कुणी प्रश्न विचारला नव्हता, त्यामुळे ते वर्गात उभं केल्यासारखी उत्तरं देऊ लागले. "नळही आहे."

"भाकरी का चपाती?"

"सकाळी चपाती, संध्याकाळी भाकरी."

"पोराला ताप आला तर?"

"डॉक्टर येतात."

"डॉक्टर येतो, सुई टोचतो, जातो. त्याच्याम्होरं उशाशी कोन बसतं?"

सरांनी तोंड उघडलं. मग टेबलावरचा कागद सरळ केला. मग तो पुन्हा तिरपा केला.

"खोलीत बाकीची मुलं असतात," ते शेवटी म्हणाले.

"ती पोरंच. आयबापाजागी कोन?"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मामा उठले आणि "सैपाकघर कुठं हाय?" म्हणत बाहेर पडलेसुद्धा. सर त्यांच्या मागे, सरांच्या मागे यादव कारकून, अशी वरात भोजनगृहात पोचली. तिथं स्वयंपाकाची भागीबाई भाजी ढवळत होती. मामांनी वाटीभर आमटी मागून घेतली, भुरका मारला, पिंप उघडून पाण्यात डोकावून पाहिलं आणि भागीबाईला विचारलं, "पोरं पोट भरून उठत्यात का घंटा वाजली म्हनून?"

"मी उठूच देत नाय," भागीबाई म्हणाली.

मामा खूश झाले. ते परत आले, खुर्चीवर टेकले. सावळीराम आणि मालनबाई खुर्चीच्या कडेवर बसले होते. सर म्हणाले, "मुलगा हुशार आहे. आम्ही जागा द्यायला तयार आहोत. मग काय ठरलं?"

सावळीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. तो हात जोडायला उठणार, इतक्यात मामा उठले.

"घर बरं हाय," ते म्हणाले. "विचार करून कळवतो."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. फुकटच्या जागेवर विचार करणारी माणसं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावीत. दारातून यादव कारकून म्हणाला, "आज संध्याकाळपर्यंत होकार आला नाही तर जागा पुढच्याला जाते हं!"

"मामा, आत्ताच सांगू ना," सावळीराम रस्त्यावर आल्यावर काकुळतीला आला.

"माघारी वळून बघू नको. जो लगीच हां म्हनतो, त्याच्या पोराला आयुष्यभर धुणं धुवाय लावत्यात. ते येत्यात का नाय बघ."

संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. रात्री मालनबाई जेवली नाही. भिकननं कुणी न सांगता खुरपं बाहेर काढून ठेवलं, ते पाहून सावळीराम उठून मळ्यात गेला आणि मोगऱ्यापाशी बराच वेळ बसून राहिला.

सकाळी त्यानं ठरवलं. मामांना न सांगता टोपलीभर मोगरा तोडला, टोपली सायकलला बांधली आणि निघाला. सरांना काय म्हणायचं ते तो वाटभर घोकत होता. "साहेब, मामांचं मनावर घेऊ नका. आम्ही तुमचे लय उपकार मानतो." वळणावर समोरून एक जीप धुरळा उडवत गेली. सावळीरामच्या तोंडात माती, टोपलीतल्या मोगऱ्यावर माती. त्यानं मागं वळून जीपवाल्याला चार शिव्या हासडल्या. एरवी न चालणारी जीभ शिव्यांना मात्र बरोबर वळली. जीपमध्ये देवस्थळी सर होते आणि ती त्याच्याच मळ्याकडे चालली होती, हे त्याला कसं कळणार?

शाळेत यादव कारकुनानं त्याला पाहताच मान हलवली. "काल होकार आला नाही, म्हणजे जागा गेली. नियम आहे."

"भाऊसाहेब, सरांना एकदा भेटू द्या."

"सर बाहेर गेलेत. कुठं, ते मला सांगून जात नाहीत."

सावळीराम व्हरांड्यात बसून राहिला.

इकडे जीप मळ्यात शिरली तेव्हा झुंबरमामा अंगणातच बाजेवर होते. त्यांनी जीप ओळखली, फेटा सारखा केला आणि मालनबाईला हळूच म्हणाले, "बघ. आले का नाय? आता तू चहा ठेव आन् एक शबुद बोलू नको."

सर बाजेवर टेकले. "मी होकार विचारायला आलो," ते म्हणाले. "भिकनचे वडील कुठे आहेत?"

सगळे इकडेतिकडे बघू लागले. भिकनची धाकटी बहीण म्हणाली, "बाबा तुमच्याकडंच गेलेत. पाया पडायला."

मामांचा चेहरा पडला. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या पार्टीनं त्यांना असं उघडं पाडलं होतं. सर मात्र मोठ्यानं हसले, आणि हसता हसता गंभीर झाले.

"मामा, काल तुम्ही विचारलंत, उशाशी कोण बसतं. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आज एक अजब माणूस आला होता म्हणून. ती हसली नाही. म्हणाली, त्याला उत्तर काय दिलंत? आजवर शेकडो आई-वडील आले. कुणी मैदान विचारलं, कुणी इंग्रजी विचारलं. हे कुणीच विचारलं नाही, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. आज सकाळी भागीबाईंना सांगून आलोय. आजारी मुलाजवळ त्या बसतील, स्वयंपाकाला दुसरी बाई बघू. आता बोला. तुमचा काय विचार झाला?"

मामांचं अंगवळणी पडलेलं शास्त्र आतून ढोसत होतं. त्यांनी घसा खाकरला. "तसं बघाया गेलं तर पोराचा बाप घरी नाय, तवा..."

"आमचा होकार हाय!" मालनबाई दारातून म्हणाली.

"मालन! मी बोलतोय ना?"

"मामा, तुम्ही जरा गप बसा." ती पुढे आली आणि चहाचा कप तिनं सरांच्या हातात दिला. "सर, माझं पोर हुशार हाय, पन रागीट बी हाय. चावतं. तेवढं संबाळून घ्या. तुम्ही एवढ्या लांब आमच्या दारात आलात, हे उपकार मी मरस्तवर इसरायची नाय."

"उपकार तुमचे," सर म्हणाले. "खरंच सांगतो." मग त्यांनी मामांकडे पाहून हात जोडले, आणि सोयरिकी जमवून हजारदा मानपान घेतलेल्या मामांना यावेळी काय करावं ते सुचेना. ते उठून गुळाचा खडा शोधायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

सरांना नाशकात काम होतं, ते मळ्यातून परस्पर तिकडं गेले. सावळीराम घरी आला तेव्हा उन्हं उतरली होती. टोपली रिकामी होती. सगळे अंगणात बसलेले पाहून त्याला वाटलं, माझीच वाट बघतायत. त्यानं सायकल भिंतीला लावली आणि कुणाकडेही न बघता सांगून टाकलं.

"जागा गेली. सर भेटलेच नाय. भाऊसाहेब म्हनले, नियम हाय."

मालनबाई बोलणार होती, पण त्याचा बांध आज कधी नव्हे तो फुटला होता.

"पन मालन, लय चांगली मानसं हायत गं. मला व्हरांड्यात बसलेलं बघून त्या सैपाकवाल्या भागीबाईनं आत नेलं. पोटभर जेवू घातलं. उठू म्हनलं तर उठू देईना. आन् सांगत व्हती, उद्यापासनं आजारी पोरांजवळ तिला बसायचंय म्हनून. म्या तिला सगळा मोगरा दिला. म्हनलं, बाई, आमचं पोर काय तिथं येनार नाय. पन कुनाचं तरी येनार. त्याला ताप आला तर कपाळावर हात ठेव. तुझं लय उपकार हायती."

झुंबरमामा फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होते आणि धूर लय झालाय म्हणून चुलीला दोष देत होते. चूल विझलेली होती.

मालनबाईनं पदराआडून गुळाचा खडा काढला आणि नवऱ्याच्या तोंडात घातला.

"ह्यो कशाला?" सावळीराम गालफडात गूळ धरून म्हणाला.

"भागीबाईला सांगून आलात ना?" ती म्हणाली. तिनं भिकनला पुढं ओढलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "ज्याचं सांगितलंत ते पोर ह्येच."