कातर ठेवायची वेळ

दिवस मावळताना विश्वनाथअप्पांच्या दुकानात कापड घ्यायला जायचं नाही, हे ताडकळस गावात नवख्या माणसाला कुणी सांगत नसे. सगळ्यांना गंमत बघायची असायची.

कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले अप्पा थान उलगडत, पोत दाखवत, भाव ठरवत आणि ऐन कापायच्या वेळी कातर गादीखाली सारत. "आता न्हाई. कातरयेळ झाली."

कातरवेळ म्हणजे कातर ठेवायची वेळ, ही अप्पांची व्युत्पत्ती. त्या वेळी कातर चालवली तर कापडाबरोबर नशीबही कापलं जातं म्हणे. बरं, उठू पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला सोडतही नसत. "बसा की मालक! पान खावा. कंदील लागला की कापतो." एकदा निजामाच्या पोलिसांतला जमादार शेरवानीच्या कापडासाठी खोळंबला. "ये कौनसे सरकार का हुकुम है?" तो गरजला.

"वरल्या सरकारचा," म्हणत अप्पांनी पानाचं तबक पुढं सरकवलं. जमादार मुकाट पान चघळत बसला.

मी तिथल्या मदरशात, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेत, मराठी शिकवायचो. चुकीचा अर्थ ऐकला की मला राहवायचं नाही, म्हणून रोज संध्याकाळी त्यांच्या गादीवर जाऊन वाद घालायचो. "अप्पा, हा 'कातर' संस्कृतातला. कातर म्हणजे भ्यालेला, व्याकूळ."

"येळ कशाला भेईल, गुर्जी? तिला काय जमादार धरायलाय?"

बायको वारल्यापासून अप्पा दुकानामागच्या घरात एकटेच राहत. एके दिवशी मी इरेला पेटून विचारलं, "वेळ राहू द्या. या वेळी तुमचा जीव कसा होतो, ते सांगा."

अप्पांनी मागच्या घराच्या दाराकडं पाहिलं.

"तुमचंच बरुबर हाय, गुर्जी. ती गेली तवाच कळलं मला. अंधार पडायला लागला की आत हाक मारावी वाटती, अन् ओ द्यायला कुणी न्हाई. तेवढा येळ कुणी बसलं की निभतं." मग घाईनं म्हणाले, "पण आता वाद मिटला. उद्या कशाला येताल तुमी?"

मला गलबलून आलं. असला विजय नको होता मला.

"मिटला कुठं?" मी म्हटलं. "तिन्हीसांजा म्हणतात ना, अप्पा? सांज तर एकच दिसते. मग बाकीच्या दोन कुठं गेल्या?"

अप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले, मांडी ठोकून बसले आणि तबक माझ्याकडे ओढलं. "बगा हां, गुर्जी. ह्ये लय लांबायचं."