डॉक्टर लिम आणि त्यांचं कोटीभर गणगोत

प्रवासात लाल टेलिफोन बूथ दिसला की डॉक्टर लिमना गाडी थांबवल्याशिवाय राहवत नसे. फोन करायचा म्हणून नव्हे. अशा बूथमधून त्यांनी कधी फोन केल्याचं मला आठवत नाही. ते आत शिरत, तिथे ठेवलेली जाडजूड डिरेक्टरी उघडत आणि वाचत बसत. बाहेर पाऊस, बूथपाशी कुणीतरी हातातली नाणी खुळखुळवत ताटकळलेलं, गाडीत मी उपाशी; त्यांना कशाचंच सोयरसुतक नसे. बाहेर येत ते लग्नाचं जेवण जेवून आल्यासारख्या चेहऱ्यानं.

"राजापूरकर, या कार्लाइलमध्येसुद्धा आपली दोन घरं आहेत!"

'आपली' म्हणजे लिम, लॅम किंवा लिन आडनावाची. मग गाडी गिअरमध्ये टाकता टाकता त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "सेम फॉरेस्ट!"

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं ग्लासगोच्या एका इस्पितळात होतो. मी भूल देणारा, ते छातीच्या विकारांचे कन्सल्टंट. मी पुण्याचा, ते मलेशियातल्या पिनांग बेटावरचे. इथलं इंग्रजी कळायला दोघांनाही वर्षभर लागलं, आणि त्या वर्षभरात एकमेकांशिवाय बोलायला दुसरं कुणी नसल्यामुळे आमची मैत्री झाली. लिम उंचीनं बेताचे, टापटिपीचे, सूटच्या खिशात कायम स्वच्छ रुमाल. आवाज मृदू. पेशंटला वाईट बातमी सांगताना ते त्याच्या पलंगावर बसत आणि त्याचा हात हातात घेऊन सांगत. कन्सल्टंट लोक तेव्हा असं करत नसत.

पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये त्यांनी मला विचारलं, "राजापूरकर म्हणजे काय?"

"राजापूर गावचा."

"छान! कसं आहे गाव?"

आता आली का पंचाईत! मी म्हटलं, "एकदा एसटी थांबली होती तिथे. चहा प्यायलो."

लिमनी काटा-चमचा खाली ठेवला. माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं ते एरवी फक्त दिवसाला चाळीस सिगारेटी ओढणाऱ्यांकडे पाहत. "तुमचं आडनाव तुम्हाला बोट धरून घरी न्यायला तयार आहे," ते म्हणाले, "आणि तुम्ही चहा पिऊन आलात?"

मग त्यांनी कागदी रुमालावर बॉलपेननं एक झाड काढलं. चार रेघांचं. त्याच्या शेजारी तसंच दुसरं. दोन झाडं, की झालं जंगल, आणि तेच त्यांचं आडनाव. रुमाल माझ्यापुढे सरकवून त्यांनी जी गोष्ट सांगितली ती ऐकताना माझा फिश अँड चिप्स गार झाला, आणि तो गार झाल्याचं मला वाईटही वाटलं नाही.

तीन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. एक राजा होता, क्रूर आणि विलासी. त्याचा काका शहाणा. काकानं पुतण्याला भर दरबारात सुनावलं. राजा म्हणाला, शहाण्यांच्या काळजाला सात छिद्रं असतात म्हणतात, बघू या तरी. आणि काकाचं काळीज काढून बघितलं. काकाच्या बायकोला दिवस राहिलेले. ती जीव घेऊन पळाली ती जंगलात, आणि तिथेच बाळंत झाली. पुढे ते राज्य बुडालं. नव्या राजानं त्या मुलाला शोधून काढलं, मान दिला आणि नाव दिलं: जंगल.

"त्या एका मुलापासून आम्ही सगळे," लिम म्हणाले. "चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर, तैवानमध्ये, दगड भिरकावला तर आमच्यातल्या कुणाला तरी लागेल. तिथे आम्ही लिन. हाँगकाँगमध्ये उच्चार लॅम, पिनांग-सिंगापूरला लिम. लिहायचं एकच, दोन झाडं. कोटीच्या पुढे आहोत आम्ही आज!"

मी खरंच थक्क झालो. माझी वंशावळ खापरपणजोबांपाशी दम टाकते, आणि त्यांचंही नाव मला धड सांगता येत नाही. हा माणूस तीन हजार वर्षांमागच्या बाईविषयी असं बोलत होता की जणू परवाच तिला मॅटर्निटीमधून घरी सोडलंय.

एकदा आमच्याकडे पिनांगचाच एक विद्यार्थी आला, आडनाव लिम. त्यांच्याकडे एकेका पिढीतल्या मुलग्यांच्या नावात एक ठरलेलं अक्षर असतं, आणि पुढच्या पिढ्यांची अक्षरं पूर्वजांनी आधीच नेमून ठेवलेली असतात. नाव ऐकलं की कोण कितव्या पायरीवर ते कळतं. हा पोरगा निघाला आमच्या लिमच्या दोन पायऱ्या वर! झालं. वॉर्ड राउंडला सगळे विद्यार्थी थरथरत उभे, आणि कन्सल्टंटसाहेब या मिसरूड फुटलेल्या आजोबांसाठी दार उघडून धरतायत. सिस्टर मॅकफेलनं मला बाजूला घेऊन विचारलं, "हा कुणी राजपुत्र वगैरे आहे का?" पोरगा इतका हबकला की पुढल्या महिन्यात त्यानं युनिट बदलून घेतलं.

तर असे हे लिम. बायको लवकर गेली. मागे एक मुलगी, ग्रेस. शाळा सुटली की ती आमच्याकडे येई आणि माझ्या बायकोच्या, नलिनीच्या हातची गरम पोळी तूप-साखर लावून गुंडाळून खाई. मँचेस्टर युनिव्हर्सिटीत तिला प्रवेश मिळाला तेव्हा लिमना मुळीच काळजी वाटली नाही. मँचेस्टरच्या चायनाटाउनमध्ये एक लॅम कुटुंब त्यांनी कधीच हुडकून ठेवलं होतं. त्यांचं रेस्टॉरंट होतं. घरातले थोरले आजोबा हाँगकाँगकडचे. त्यांची चिनी बोली लिमना कळत नसे आणि लिमची त्यांना, त्यामुळे सगळं प्रेम मोडक्यातोडक्या इंग्रजीत चाले. आजोबा लिमना 'यंगर ब्रदर' म्हणत. ते ऐकलं की लिम दहा वर्षांनी लहान दिसत.

"ग्रेस घरच्या माणसांत राहील," ते मला म्हणाले. "जपतील तिला."

त्यांनी जपलं. विशेषतः आजोबांच्या नातवानं, टोनीनं, फारच जपलं.

पदवी मिळाल्यावर ग्रेसनं वडिलांना सांगितलं की मी आणि टोनी लग्न करतोय. आणि हा मृदू आवाजाचा माणूस इतक्या जोरात "नाही!" म्हणाला की शेजारच्या मिसेस रीडनी काय झालं म्हणून बेल वाजवली.

ग्रेस रडत आमच्याकडे आली. "नलिनी आंटी, डॅड म्हणतो तो माझा ब्रदर आहे! तीन हजार वर्षं झाली, आंटी! मी स्कॉटिश मुलगा आणला असता, तर डॅडनं किल्टसुद्धा घातला असता. फक्त लॅम नको!"

त्यांच्याकडे एका आडनावात लग्न होत नाही. तिकडे मँचेस्टरला आजोबांनीही जेवण सोडलं होतं. मला आधी हसू आलं, मग आलं नाही. आमच्याकडे सगोत्र म्हणून मोडलेली लग्नं मी पाहिली आहेत. एक तर माझ्या मावशीचंच. ती पुढे जन्मभर हसायची ते नुसतं तोंडानं.

नलिनी मात्र खचणारी बाई नव्हे. ती डोळे मोठे करून म्हणाली, "अहो, यात काय एवढं? आपल्याकडे एकच गोत्र निघालं की मुलगी दुसऱ्या गोत्रात दत्तक देतात आणि तिकडून लग्न लावतात. आपण घेऊ ग्रेसला दत्तक. राजापूरकर म्हणून उभी राहू दे."

"अगं, ती चिनी माणसं आहेत."

"मग? त्यांना मुली नसतात?"

रविवारी दुपारी आम्ही लिमकडे गेलो. ग्रेस दाराशी उभी राहून ऐकत होती. नलिनीनं पदर खोचून सगळा विधी समजावला: मांडीवर घ्यायचं, पाणी सोडायचं, नाव बदलायचं. भटजी मिळाला नाही तर मी मंत्र म्हणेन, असंही तिनं माझ्या वतीनं सांगून टाकलं. मला वाटलं, लिम आता आम्हाला घराबाहेर काढणार.

"नलिनी," ते म्हणाले, "हे आमच्या घरात एकदा झालंय."

"म्हणजे?"

"माझं झालंय."

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. पिनांगवर बॉम्ब पडत होते, माणसं पळत होती. कुणीतरी एका भाजीच्या टोपलीत तान्हं मूल ठेवून गेलं. कोण, कुठलं, आडनाव काय, काही पत्ता नाही. एका विधवेनं ते उचललं. तिचा नवरा लिम. तो आणि तिचं स्वतःचं बाळ दोघंही आधीच गेलेले. लिम मंडळींच्या कुलमंदिरात ती मूल घेऊन गेली तेव्हा वडीलधारे म्हणाले, हे कुणाचं? ती म्हणाली, लिमचं. कशावरून? ती म्हणाली, मी सांगते म्हणून.

"तिनं मला सगळं पाठ करायला लावलं," लिम म्हणाले. "राजा, काका, जंगल, पिढ्यांची अक्षरं, कोण कुठल्या गावी गेलं. चुकलो की ती भात वाढायची थांबायची. म्हणायची, तुला कुणी विचारलं तर अडखळायचं नाही. राजापूरकर, तुम्ही राजापूरला गेला नाहीत तरी चालतं. जन्मानं मिळालेलं आडनाव पाठ करावं लागत नाही. माझं मला करावं लागलं."

मी आयुष्यात बरीच माणसं पाहिली, मोठमोठे सर्जन पाहिले, पण त्या न पाहिलेल्या बाईपुढे मला जितकं लहान वाटलं तितकं कुणापुढेच वाटलेलं नाही. बॉम्ब पडत असताना तिनं एका बेवारशी पोराला तीन हजार वर्षं बांधून दिली होती. आणि त्यानंही ती अशी सांभाळली की खऱ्या लिमना लाज वाटावी.

ग्रेस जाऊन वडिलांच्या पायांशी बसली. "मम्मीला माहीत होतं?"

"नाही. कुणालाच नाही." मग ते म्हणाले, "टोनी तुझा भाऊ नाही. मला हे माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फक्त बोलायचं होतं."

ते बोलायला आम्ही मँचेस्टरला गेलो. रेस्टॉरंट दुपारी बंद होतं. गोल टेबलाभोवती सगळे लॅम बसले होते, मध्ये आजोबा. लिम उभे राहिले आणि साध्या इंग्रजीत, प्रत्येकाला कळेल असं, त्यांनी सांगितलं की मी तुमच्यातला नाही. मी कुठला आहे ते मला ठाऊक नाही. माझ्या मुलीचं आणि तुमच्या नातवाचं रक्त वेगळं आहे. एवढंच. एकही शब्द अडखळला नाही.

आजोबा उठले, स्वतःच्या हातानं कपात चहा ओतला आणि दोन्ही हातांनी लिमपुढे ठेवला.

"लग्न होऊ द्या, डॉक्टर," ते म्हणाले.

म्हाताऱ्यानं तो शब्द मानानंच उच्चारला होता. पण आजवर त्यांनी लिमना डॉक्टर म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. लिमनी मान लववली, चहा घेतला आणि हसून सगळ्यांशी हात मिळवले. टेबलाखाली नलिनीनं माझा हात घट्ट धरला.

लग्न वसंतात त्याच रेस्टॉरंटमध्ये झालं. त्यांच्यात नवरा-नवरी गुडघे टेकून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना चहा देतात, प्रत्येकाला नात्यानं हाक मारून. आदल्या दिवशी लिमचा फोन आला. "ग्रेसच्या काका-काकूंच्या खुर्च्या आहेत. बसाल?" मी हो म्हटलं.

लॅमांकडची रांग संपता संपेना. मग ग्रेस आमच्यापुढे आली. लाल पोशाख, केसांत फुलं. गुडघे टेकून तिनं कप पुढे केला आणि आम्हाला न कळणारा एक शब्द म्हणाली. लिमनी तो तिच्याकडून घोकून घेतला असणार. "थोरले काका," ते मागून हळूच म्हणाले. चहा गोड होता, आणि मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो. नलिनीनं पर्समधून कुंकवाची डबी काढली, ग्रेसला कुंकू लावलं, तिच्यावरून बोटं ओवाळून कानशिलांवर कडाकडा मोडली. लॅमांच्या बायका टाळ्या वाजवू लागल्या.

मग फोटो. आधी नवऱ्याकडचे उभे राहिले. चार ओळी झाल्या, तरी मुलं कडेनं बाहेर सांडत होती. फोटोग्राफर मँचेस्टरचाच एक तरुण गोरा. त्यानं ते आटोपलं आणि ओरडून सांगितलं, "आता नवरीकडचे, प्लीज!"

लिम उठले. नलिनी पैठणी सावरत उठली. मी उठलो. आम्ही ग्रेस आणि टोनीच्या शेजारी जाऊन उभे राहिलो. फोटोग्राफरनं कॅमेऱ्यातून पाहिलं, मान वर केली, आमच्या मागे कुणी येतंय का ते पाहिलं.

"एवढेच?"

लिमनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं टाय सारखा केला.

"हो," ते म्हणाले. "आम्ही एवढेच."