काळोखराजाचा चोरकप्पा

एरवी ‘हो’ म्हणायलासुद्धा मला वेळ लागतो. बोलणं माझं सावकाश. (बायको म्हणते, मी लग्नाला होकार देईपर्यंत तिचा शिवणकामाचा क्लास पुरा झाला होता.) पण त्या दिवशी नातीने विचारलं आणि मी ताबडतोब ‘हो’ म्हणून बसलो. घोळ तिथेच झाला.

नातीला आम्ही ठकी म्हणतो. शाळा बदलल्यापासून पोरगी गप्प गप्प असायची. नव्या वर्गात मैत्रीण एकही नाही. शेवटी धीर करून तिने तिघींना रविवारी दुपारी घरी खेळायला बोलावलं. खेळ भुताखेतांचा. प्रत्येकीने एकेक शूर वीर व्हायचं, फासे टाकायचे आणि दुष्ट काळोखराजाच्या अड्ड्यात शिरून त्याला संपवायचं. गोष्ट रंगवून सांगणार ठकी.

“आजोबा, मला तो अड्डा करून द्याल? लाकडाचा. छत उचललं की आतल्या खोल्या दिसतील असा. भयंकर हवा हं! घाबरल्या नाहीत तर त्या परत यायच्या नाहीत.”

मी जन्मभर सुतारकाम केलं. शाळा चौथीपर्यंत. खाटा, कपाटं, दारं सगळं केलं, पण राक्षस गिऱ्हाईक म्हणून कधी आला नव्हता.

“किती माणसं राहतात त्याच्याकडे?” मी विचारलं.

“माणसं नाहीत, आजोबा. सांगाडे.”

“मग खाटा नकोत.”

“नकोत.”

“संडास?”

“आजोबा!”

आता माझी अडचण अशी, की माप घेतल्याशिवाय माझ्या हातात करवत चालत नाही. राक्षसाच्या घरी टेप घेऊन जाणार कसा? म्हणून आपल्याच घराची मापं घेतली. फुटाला एक इंच. बाहेरची खोली झाली सांगाड्यांचं दालन. स्वयंपाकघर झालं विषाची भट्टी. (हे बायकोला सांगितलं नाही.) वर काळं पॉलिश मारलं. असा भेसूर दिसायला लागला अड्डा, की दुसरा हात मारायला मीच जरा बिचकत गेलो.

“एकच राहिलं,” ठकी म्हणाली. “काळोखराजाचा प्राण एका डबीत असतो. ती कुणालाही सापडणार नाही अशी जागा हवी.”

अशी जागा मला पक्की माहीत होती. आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीतलं कपाट आहे. तिसऱ्या कप्प्याची मागची फळी खोटी आहे. खालचा डावा कोपरा दाबला की सरकते. (डॉक्टरांनी माझं गोड बंद केलं, त्याच महिन्यात मी हा चोरकप्पा केला. चॉकलेटांचा डबा त्यात अगदी मापात बसतो.) तसाच्या तसा चोरकप्पा मी अड्ड्यात केला आणि ठकीला दाखवला. काम इतकं सुबक झालं, की दुसरा काही विचार डोक्यात आलाच नाही.

रविवारी पोरी आल्या. सुरुवात काही जमेना. चष्मेवालीने जांभई दिली, दुसरी फोन बघायला लागली. ठकीचा आवाज लहान लहान होत गेला. बायको कोपऱ्यात मटार सोलत बसली होती.

तेवढ्यात तिघींचे वीर अड्ड्यातल्या बोळात शिरले. ठकीने तिथलं इवलंसं दार उघडलं, त्याने बोळच बंद झाला आणि तिघी आत अडकल्या.

“बाप रे!” फोनवाली म्हणाली आणि तिने फोन खाली ठेवला.

बायकोने मान उंचावली. “थांब गं. हे दार उलटं उघडतं?”

“हो, आजी.”

“आमच्या न्हाणीघराचंही उलटंच उघडतं. तीस वर्षं माझं कोपर आपटतंय त्यावर.” तिने मटार बाजूला ठेवले आणि चष्मा लावला. “अहो, हे आपलं घर आहे! आणि ही भट्टी म्हणजे माझं स्वयंपाकघर?”

“अगं,” मी सुरुवात केली.

“मी कपाटात शोधते!” चष्मेवालीने फासा टाकला. सहा पडले.

“तिसरा कप्पा,” ठकी दबक्या आवाजात म्हणाली. “मागची फळी. खालचा डावा कोपरा दाब.”

“...तो नुसता खेळ आहे,” मी वाक्य पुरं केलं. पण तोवर बायको खऱ्या कपाटापाशी पोचली होती.

तिने कोपरा दाबला. फळी सर्रकन सरकली. बायकोने कोपरापर्यंत हात आत घातला, डबा काढला, उघडून वास घेतला. मग सावकाश वळली. ओरडली नाही. खालच्या आवाजात म्हणाली,

“काळोखराजा, पुढे या.”

पोरी अशा किंचाळल्या, की वरच्या मजल्यावरचे शेजारी काय झालं म्हणून धावत खाली आले. फोनवाली सोफ्यावर चढली. चष्मेवालीने ठकीला घट्ट मिठी मारली. मग सगळ्या हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ठकी सगळ्यांत मोठ्याने. शाळा बदलल्यापासून हे हसणं घरात ऐकलं नव्हतं. त्यासाठी मी चार डबे ओवाळून टाकले असते. (एक तर माझ्या डोळ्यांदेखत चौघींत वाटला गेला.)

आता पोरी दर रविवारी येतात. न्हाणीघराचं दार मी नीट बसवतो म्हणालो, तर मला हात लावू देत नाहीत. काळोखराजाचं काम सर्वांनी एकमताने आजीला दिलंय. मी एक सांगाडा आहे. भिंतीला टेकून बसायचं, बोलायचं नाही, हे मला जमतं.

फक्त सांगाडे काहीही खात नाहीत, हा नियम नव्या काळोखराजाने पहिल्याच दिवशी केला.