वारुळाचा घाट

एका जंगलात त्या दिवशी छान उघडीप होती. चार दिवस लागलेली झड थांबली होती. ऊन कोवळं होतं, वारा पडला होता, आणि गवताच्या पात्यावरचं पाणीसुद्धा खाली यायला वेळ घेत होतं. असा दिवस, मुलांनो, दोनच कामांना चांगला. एक म्हणजे अंग शेकत पडायला. दुसरं म्हणजे शर्यतीला.

त्या दिवशी शर्यत होती. सायकलींची. ती कशी ठरली ते आधी सांगतो. घाई करू नका. शर्यतवाल्यांनीही केली नाही.

ते जंगल तव्यासारखं सपाट होतं. झाडावरून बोर पडलं, तर पडल्या जागीच राहायचं. घरंगळायला उतारच नव्हता. अशा जंगलात एका तरसानं दुकान काढलं आणि पाटी लावली, 'डोंगरी सायकली मिळतील.'

तरसाचा चेहरा हसरा. तो हसतोय की दात दाखवतोय, हे वस्तू घरी नेईपर्यंत कळत नाही.

पहिली सायकल गव्यानं घेतली. गव्यानं घेतली म्हणून रानडुकरानं घेतली. रानडुकराकडे आहे म्हणून सशानं घेतली. माकडानं घेतली नाही. ते सगळ्यांना सांगत फिरायचं, "थांबा जरा, यापेक्षा चांगली येणार आहे."

सायकलीला गिअर चोवीस. पुढे शॉकअप, मागे शॉकअप. टायरवर बोराएवढ्या गाठी. गवा रोज ती पुसायचा, उन्हातून सावलीत न्यायचा आणि सावलीतून उन्हात आणायचा. महिनाभरानं तो दुकानात गेला.

"तरसशेठ, सायकल झकास आहे. पण हे चोवीस गिअर कशाला?"

"चढाला."

"आणि चढ कुठं आहे?"

तरसानं कपाळावर हात मारला. "म्हणजे अण्णा, तुम्ही अजून चढ बघितलाच नाही?"

त्यानं गव्याला बाहेर नेलं आणि बोट दाखवलं. सगळ्या जंगलात जमिनीच्या वर आलेली एकच गोष्ट होती. एक वारूळ. गव्याच्या गुडघ्याएवढं. गवा लहानपणापासून त्याच्यावर गुडघा घासत आला होता.

"हा घाट," तरस म्हणाला.

गवा मान वाकवून खूप वेळ बघत राहिला.

"अवघड दिसतोय," तो म्हणाला.

"म्हणून तर हेल्मेट लागतं."

संध्याकाळपर्यंत वारुळापाशी पाटी लागली, 'तीव्र चढ. जपून.' गव्यानं हेल्मेट घेतलं, शिंगांसाठी दोन वेगळी घेतली. रानडुकरानं पाणी प्यायची पाठपिशवी घेतली, कारण वर गेल्यावर पाणी मिळेल की नाही सांगता येत नाही. आणि शर्यत ठरली. आठ दिवसांनी, सकाळी, पाऊस नसेल तर. पाऊस असेल तर नाही, कारण डोंगरी सायकलीला चिखल लागलेला चालत नाही.

आता त्या वारुळात कोण राहत होतं ते सांगतो.

एक धामण राहत होती. वयानं पोक्त. तिला विष नाही हे सगळ्या जंगलाला ठाऊक होतं, त्यामुळे तिला कोणी काही विचारत नव्हतं. वारुळात तिची अकरा अंडी होती. ती फुटायला अजून बारा-तेरा दिवस होते. वारुळाची माती भुसभुशीत. वरून गवा गेला असता, तर खाली पोळीच झाली असती.

धामण रानडुकराकडे गेली.

"डुक्करदादा, शर्यत पाच दिवस पुढे ढकला. माझी पिल्लं बाहेर पडू देत. मग खुशाल चढा."

"मावशी, तुमचा खेळाला विरोध आहे का?"

"नाही रे बाबा."

"मग असं बोलू नका. तुमच्या दारात घाट आला. लोकांच्या दारात काय येतं? गटार येतं."

ती गव्याकडे गेली. गवा मनानं चांगला. त्याचे डोळेच भरून आले.

"मी हळू जाईन मावशी," तो म्हणाला. "सगळ्यात हलक्या गिअरवर जाईन."

मग ती तरसाकडे गेली. तरसानं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन त्यानं करवंटीची अकरा बारकी हेल्मेटं आणली.

"अंड्यांची आहेत," तो म्हणाला. "या मापाची दुसरीकडे मिळणार नाहीत."

"माझ्याकडे द्यायला काय आहे?"

"कात टाकलीय ना परवा? ती चालेल."

धामणीनं कात दिली आणि हेल्मेटं घेऊन घरी आली. अंड्यांना घालून बघितली. अंड्याला हनुवटी नसते, त्यामुळे पट्टा कुठं बांधायचा ते तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी ससा वारुळापाशी सराव करायला आला. त्याच्या अंगात तिची कात होती.

"शर्यतीचा पोशाख आहे, मावशी. अंगाला चिकटून बसतो, वाऱ्याला धरायला काही उरतच नाही. फक्त पोटात जरा सैल होतो."

धामण स्वतःच्या कातीकडे थोडा वेळ बघत राहिली. "मला घट्ट व्हायला लागली होती," ती म्हणाली.

एवढ्यात झाडावरून माकड बोललं, "उलटा घातलास. खवले मागे वळलेले पाहिजेत."

"पुढे," ससा म्हणाला.

"मागे."

दोघं बोलायला लागले. ऊन डोक्यावर आलं, ऊन कललं. सशानं दोनदा पोशाख काढून उलटा-सुलटा करून घातला. शेवटी अंधारायला आलं तसा तो सायकल हातात धरून घरी गेला. सराव राहिलाच.

धामणीनं हे सगळं बिळाच्या तोंडाशी बसून बघितलं. मग आत गेली आणि त्या रात्री गाढ झोपली.

आता आलो शर्यतीच्या दिवसावर. उघडीप होती हे मी सांगितलंच आहे. तिघंही रेघेवर उभे. गव्याला तीन हेल्मेटं, सशाला कात, रानडुकराच्या पाठीवर पाणी. तरस शिट्टी तोंडात धरून उभा. हात वर गेला.

तेवढ्यात धामण बाहेर आली. सगळ्यांना वाटलं, आता रडणार. रानडुकरानं दुसरीकडे बघितलं.

धामण गव्याच्या पुढच्या चाकापाशी गेली. मान तिरकी करून बघितलं.

"गवेअण्णा," ती हळूच म्हणाली, "हवा जरा जास्त नाही का वाटत?"

गवा खाली बघायला लागला.

"मी कधीपासून हेच सांगतोय याला," रानडुक्कर म्हणाला. "चढाला हवा कमी पाहिजे. टायर कसा जमिनीला धरून चालतो."

"कमी हवेनं सायकल जड चालते," ससा म्हणाला.

"तुझ्या वजनाला काय जड नि काय हलकं?"

गव्यानं थोडी हवा सोडली. सशानं थोडी भरली. रानडुकरानं आधी सोडली आणि मग भरली. आता हवा बरोबर झाली का हे टायर अंगठ्यानं दाबून बघायचं असतं. पण मुलांनो, तिघांपैकी कुणालाच अंगठा नव्हता. अंगठा फक्त माकडाला. माकड सावकाश झाडावरून उतरलं, तिघांचे टायर दाबले, डोळे मिटले आणि म्हणालं, "चालेल."

"चालेल म्हणजे?" गवा म्हणाला. "पळेल असं नाही?"

दिवस मावळला. तरसाच्या तोंडातली शिट्टी तशीच राहिली. पण त्यानं त्या दिवशी सात पंप विकले, म्हणून तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी धामणीनं विचारलं, "मोठं चाक बरं की मध्यम?" त्या दिवशी तर गवा आणि रानडुक्कर एकमेकांशी बोलेनासे झाले. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "सीट वर असावी की खाली?" चौथ्या दिवशी तिनं काहीच विचारलं नाही. ससाच सकाळी धापा टाकत आला.

"मावशी, रात्रभर झोप नाही. चेनला तेल पातळ घालू की घट्ट?"

"बाळा, एकट्यानं ठरवू नकोस," धामण म्हणाली. "सगळ्यांना बोलाव."

पाचव्या दिवशी अंडी फुटली. अकरा पिल्लं बाहेर आली. धामणीनं त्यांना ओळीनं पुढे घातलं आणि ती सायकलींच्या चाकांमधून, सगळ्यांच्या पायांमधून निघाली. कुणी खाली बघितलं नाही. तेलाचं चाललं होतं.

शेवटचं पिल्लू थबकलं.

"आई, हे काय करतायत?"

"शर्यत."

"कोण जिंकतंय?"

धामणीनं मागे वळून बघितलं. तरस तेलाच्या बाटल्यांचं नवीन खोकं फोडत होता.

"तो," ती म्हणाली. "चल."

मुलांनो, ती शर्यत अजून सुटायची आहे. वारूळ मात्र दरम्यान चार बोटं वाढलं. वाळवी काही सायकल चालवत नाही, तिला वेळ असतो. तरसानं जुनी पाटी काढून नवी लावली, 'अतितीव्र चढ.' आणि तीस गिअरची सायकल आणली.

तात्पर्य: संकट दारात आलं, तर त्याच्या पाया पडू नये. त्याचा सल्ला घ्यावा. ज्ञानी शत्रू सल्ला द्यायला थांबतो. अडाणी असेल, तर मात्र तो सरळ अंगावरून जातो, म्हणून सगळ्यांनी शिकलं पाहिजे.

ही गोष्ट मी आमच्या शेजारच्या नरहरी मास्तरांना सांगितली. त्यांनी गेल्या दिवाळीत डोंगरी सायकल घेतली आहे. ती ओसरीत चादर पांघरून उभी असते. मास्तरांनी सगळी गोष्ट शांतपणे ऐकली. दोनदा मान हलवली. मग उठले, सायकलीवरची चादर जरा वर करून टायरकडे बघितलं आणि मला म्हणाले, "ते सगळं खरं हो तात्या, पण शेवटी हवा किती ठरली?"